झाडांना पाणी कोण घालतं?

लू सुरू झाली की मी घाबरते. ग्वाल्हेरात जन्म काढलेल्या बाईला हे लिहायला लाज वाटायला हवी, आणि थोडी वाटतेही. आम्ही काय, लूमध्येच वाढलो. खिशात कांदा ठेवून परीक्षेला गेलो, पन्हं पिऊन दुपारी झोपलो, खसच्या टट्ट्यांवर, म्हणजे वाळ्याच्या पडद्यांवर, पाणी मारताना एकमेकींना भिजवलं आणि आईचे धपाटे खाल्ले. माझी भीती त्या भाजून काढणाऱ्या वाऱ्याची नाहीच. दुपारी बाराच्या सुमारास दर्पण कॉलनीतला आमचा रस्ता ओस पडतो, घराघरातले कूलर घुमत असतात आणि समोरच्या पार्कात एक कुत्रं तेवढं बाकाखाली पाय पसरून पडलेलं असतं. अशा वेळी मला वाटतं, आता कुणीतरी परका माणूस हातात वही घेऊन येईल, माझ्याशी गोड बोलेल आणि एक साधा प्रश्न विचारेल. एकोणऐंशी वर्षांची आहे मी. चाळीस वर्षं वर्गात मुलींना प्रश्न विचारून पोट भरलं आणि अजून एका प्रश्नाला भिते.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांची होते. तेव्हा आम्ही दौलतगंजच्या मागे राहायचो आणि आमच्या घरांच्या मधोमध पागेचं मैदान होतं. लष्कराची छावणी होती त्या काळात तिथे घोडी बांधत. घोडी गेली, खुंटे गेले, उरली मोकळी जमीन आणि कडेनं अठरा कडुनिंब. गवत असं फारसं नव्हतंच. पण मोकळी जागा म्हणजे काय असतं हे दाटीच्या वस्तीत राहणाऱ्यालाच कळतं. पापड तिथे वाळायचे, गाद्या तिथे पिंजल्या जायच्या, लग्नाच्या पंगती तिथे बसायच्या, आणि संध्याकाळी घरातल्या घरात कोंडलेल्या सगळ्या सुना कुठल्या ना कुठल्या निमित्तानं तिथे येऊन मोकळा श्वास घ्यायच्या. आई म्हणायची, हे मैदान नसतं तर या गल्लीतल्या निम्म्या सासवा-सुनांनी एकमेकींचे गळे धरले असते.

त्या मैदानाची एक रीत होती. आता सांगितली तर कुणाला खरी वाटत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं झालं की बायका मैदानात जायच्या आणि झाडं वाटून घ्यायच्या. एका घराला एक झाड. खोडाला हळदीकुंकू लावायचं, आणि त्या दिवसापासून मृग लागेपर्यंत त्या झाडाची तहान त्या घराची. अक्षय्य तृतीयेला ब्राह्मणाला जसा उदककुंभ द्यायचा तसा एक झाडालाही. एरवी आंघोळीचं पाणी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, आणि त्यानं भागलं नाही तर विहिरीतून एक बादली जास्त. जुनी झाडं मोठी होती, त्यांना आमच्या बादलीची काय गरज? पण एखादं म्हातारं झाड पडलं की त्याच्या जागी नवीन लावलं जायचं, आणि ते जगायचं ते याच पाण्यावर. मुलगी दहा वर्षांची झाली की तिला स्वतःचं झाड मिळायचं. त्या वर्षी मला मिळालं. माझ्या कमरेएवढं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण असलेलं, पानांपेक्षा काड्याच जास्त. मी त्याला दिवसातून तीनदा बघून यायची.

या सगळ्याचे मुखत्यार म्हणजे शिर्केकाका. जुन्या फौजेतून निवृत्त झालेले, ताठ, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्या आजोबांचा घोडा याच मैदानात बांधलेला असायचा, त्यामुळे अठराच्या अठरा झाडांवर आपला हक्क आहे असं त्यांना वाटे. कुणाच्या झाडाची माती कोरडी दिसली की ते त्या घराच्या दारात उभे राहून नुसते खाकरायचे. तेवढ्यानं घरात भांड्यांची धावपळ व्हायची.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, म्युनिसिपालिटीत बागांचे दारोगा होते. दारोगा म्हटलं की लोकांना पोलीस वाटतो. आमच्या आबांच्या हाती काठीसुद्धा नव्हती. शहरातल्या बागा आणि मोकळी मैदानं राखायची, माळ्यांची हजेरी घ्यायची, उन्हाळ्यात रेड्याच्या पाणीगाडीची पाळी ठरवायची, हे त्यांचं काम. संस्थानात हे सगळं दरबारच्या बागखात्यातून चालायचं. संस्थान विलीन झालं, आमचा मध्यभारत झाला आणि बागा म्युनिसिपालिटीच्या गळ्यात पडल्या. चुंगीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर जे मिळेल त्यातून रस्ते, दिवे, गटारं, आणि उरलंसुरलं तर झाडांना पाणी. आबांनी एकदोनदा शिर्केकाकांना म्हटलं होतं, मैदानाकडे आठवड्यातून एक गाडी पाठवतो. काकांना तो अपमानच वाटला. "दारोगासाहेब, घरच्या झाडांना सरकारी पाणी? लोक काय म्हणतील? आम्ही दरबाराकडून कधी घडाभर घेतलं नाही, आता तुमच्या कमेटीकडून घेऊ?" सगळ्या गल्लीनं मान डोलावली होती. आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना मान फार. पदरचं घालू, पण मान राखू.

त्याच मानानं आमचं मैदान खाल्लं.

त्या उन्हाळ्यात राज्य पुन्हा बदलायचं होतं. आठ वर्षांत दुसऱ्यांदा. मध्यभारत मोडून मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे पक्कं झालं होतं. मोठी माणसं अंगणात बसून हलक्या आवाजात बोलत. कुणाचं नाव भोपाळच्या यादीत, कुणाचं रीव्याच्या, कुणाचं कुठल्याच यादीत नाही. यादी हा शब्दच मला अशुभ वाटायला लागला होता. किराण्याची यादी म्हटली तरी मी कान टवकारायची. आई देवापुढे जरा जास्त वेळ बसायची आणि मग उगाचच माझ्यावर ओरडायची.

एक दिवस जेवताना आबांनी सांगितलं की आता जमिनींचीही यादी होणार आहे. नवं राज्य लागायच्या आत सगळ्या मोकळ्या जागा तपासायच्या. जी जागा म्युनिसिपालिटी स्वतः राखते, जिथे तिचा माळी जातो, तिचं पाणी जातं, ती तिच्याकडे राहील आणि तिच्या देखभालीला वरून अनुदान मिळेल. बाकीची मोकळी जमीन सरकारजमा. तिथे क्वार्टर बांधता येतील, कचेऱ्या बांधता येतील.

आईचा हात वाढता वाढता थांबला. "आणि आपलं मैदान?"

"आपल्या मैदानावर म्युनिसिपालिटीनं कधी काही केलंच नाही," आबा म्हणाले. "कागदावर तिथे एक तांब्या पाणी पडलेलं नाही."

मला त्या वेळी हे सगळं नीट कळलं नाही. इतकंच कळलं की आम्ही झाडांना पाणी घातलं म्हणून झाडं जाणार. ते इतकं उलटं होतं की मी रडायला लागले आणि वरण सांडलं.

आबा खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. पाणीगाडीच्या पाळीत मैदानाचं नाव घातलं आणि शिर्केकाकांच्या घरी जाऊन हात जोडले. या वर्षी गल्लीतल्या कुणीही पाणी घालायचं नाही. साहेब तपासायला येतील तेव्हा म्युनिसिपालिटीची गाडी पाणी देताना दिसली पाहिजे, आणि ती खरंच देत असली पाहिजे. काकांनी मिशी चावली. मग म्हणाले, "एक साल. फक्त एक साल." दुसऱ्या दिवशी ते दारोदार फिरले. त्या आधी लोकांना पाणी घाला म्हणून खाकरायचे, आता घालू नका म्हणून. बायका खूप बोलल्या. हळदीकुंकू लावलेल्या झाडाला तहानलेलं ठेवायचं म्हणजे पाहुणा दारात उपाशी बसवण्यासारखं आहे, असं एक म्हातारी म्हणाली.

आईनं मला समोर बसवून पाठ करून घेतलं. "कुणी साहेब भेटला आणि विचारलं, तर काय म्हणायचं?"

"नगरपालिका की गाड़ी पानी देती है."

"बस. याच्या पुढे एक अक्षर नाही. तुझी जीभ फार चालून राहिली आहे आजकाल."

परीक्षा नुकतीच संपली होती, पाठांतराची सवय होती. मी ते वाक्य आंघोळ करताना म्हणायची, जिना उतरताना म्हणायची. शेंदूर लावलेल्या मारुतीसमोरसुद्धा म्हणून दाखवलं.

गाडी आली. रेडा, लोखंडी टाकी, मागे भोकाभोकांची नळी. आम्ही सगळी पोरं तिच्यामागून पाय भिजवत चाललो. पुन्हा एकदा आली. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला मुरारकडच्या विहिरी आटल्या आणि गाड्या तिकडे वळल्या. माणसांना प्यायला पाणी नसताना झाडांची पाळी कोण धरणार? आबा रोज सांगायचे, उद्या येईल. त्यांचा चेहरा बघून मी विचारणं सोडलं. माझं झाड आधी मलूल झालं, मग त्याची पानं कडेनं तपकिरी व्हायला लागली. हातात घेतलं की पान कुरकुर करत मोडायचं. त्या आठवड्यातली लू मला अजून कानात ऐकू येते. दार लावलं तरी फटीतून शिटी वाजायची, आणि मला वाटायचं की ते झाडच रडतंय.

मी चोरून पाणी घालायला लागले. सगळे जेवून आडवे झाले की डोक्यावर ओला पंचा, हातात पितळी लोटा, आणि चटके खात मैदान. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. खिडकी वाजली तरी दचकायची. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी काट्यांच्या आत हात घालून पाणी ओतत होते आणि मागून आवाज आला.

"बिटिया, इतनी धूप में?"

वळून पाहिलं तर टोपवाला साहेब. जीप लांब सावलीत उभी. हातात वही. दुपारी बाराला कुणी तपासायला येत नाही, हे आबांनी गृहीत धरलं होतं आणि मीही. माझ्या हातातला लोटा अजून ठिबकत होता.

"इन पेड़ों को पानी कौन देता है?"

पाठ केलेलं वाक्य होतं. तोंडाशी होतं. पण हातात लोटा घेऊन मी गाडीचं नाव कसं सांगणार? खोटं पकडलं गेलं तर आबांना शिक्षा होईल, ही एकच भीती डोक्यात शिरली आणि तिनं बाकी सगळं बाहेर ढकललं. मी म्हटलं, "हम देते हैं." साहेब हसले. म्हणाले, "हम यानी?" आणि मग माझी जीभ सुटली ती सुटलीच. हर घर का एक पेड़ है, ये मेरा है, वो शिर्केकाका का है, ये देखिए कुंकू. भीतीनं माणूस गप्प होतो म्हणतात. मी भीतीनं बडबडते, आजही. त्यांनी शेवटी विचारलं, "और नगरपालिका?" मी म्हटलं, "वो तो कभी आती ही नहीं. हमें ज़रूरत भी नहीं."

शेवटचं वाक्य शिर्केकाकांचं होतं. लहानपणापासून कानावर पडलेलं, अगदी त्यांच्याच ठसक्यात माझ्या तोंडून निघालं.

साहेबांनी वहीत लिहिलं. मी विचारलं, "आप क्या लिख रहे हैं?" ते म्हणाले, "कुछ नहीं बिटिया, मैं तो बस पूछ रहा हूँ." माझ्या डोक्यावर हात ठेवून ते पुढे म्हणाले, "बहुत अच्छा काम करते हैं आप लोग." मनापासून म्हणाले. त्यामुळे घरापर्यंत जाताना मी एक क्षण खूशही झाले होते. दारात आल्यावर लोट्याकडे लक्ष गेलं आणि तो मी पाठीमागे लपवला.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. सायकलची घंटी वाजली की माजघरात पळायची. आबांना घरी यायला उशीर झाला की वाटायचं, त्यांना धरून नेलं. एका संध्याकाळी ते आले, पाय धुतले, जेवायला बसले. त्यांना साहेबांनी बोलावलं होतं, असं आईला हळूच म्हणाले. मी घास तोंडात धरून बसले. आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "तुझं झाड कसं आहे ग?"

"बरं आहे," मी म्हटलं.

"पाणी घालत जा," आबा म्हणाले.

दसऱ्याच्या सुमाराला मैदानात चुन्याच्या पांढऱ्या रेघा उमटल्या. आम्हाला वाटलं, कुणी खोखोचं मैदान आखलंय. पोरं आनंदानं त्यावरून धावली. शिर्केकाका आले, त्यांनी रेघ पाहिली, आणि हातानं ती पुसायला लागले. ताठ माणूस वाकून वाकून पुसत होता. दुसऱ्या दिवशी रेघा पुन्हा तिथेच होत्या. दिवाळीच्या आत झाडं गेली. माझं झाड तोडावंसुद्धा लागलं नाही, ते विटांच्या गाडीखाली आलं. नवं राज्य लागलं, क्वार्टर उभी राहिली, त्यात भली माणसं राहायला आली, त्यांच्या मुली माझ्या वर्गात होत्या. पापड गच्चीत वाळू लागले. शिर्केकाका त्यानंतर गल्लीत कुणाच्याही दारात खाकरले नाहीत. गल्ली म्हणायची, एवढा बारीक तपशील साहेबाला दिला कुणी? मी मान खाली घालून लंगडी खेळायची, आणि खेळताना पडायची.

आबा भोपाळच्या यादीत नव्हते. दारोगाच राहिले, दारोगाच निवृत्त झाले. मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायचं होतं. दर उन्हाळ्यात ठरवायची आणि दर उन्हाळ्यात राहून जायचं. ते गेल्यावर, तेराव्याची माणसं पांगल्यावर, आईनं आपण होऊन विषय काढला.

"तू बोललीस ते त्यांना माहीत होतं."

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"साहेब वाईट नव्हता. त्यानं यांना सांगितलं, दारोगाजी, आपके कागज़ में गाड़ी है और आपकी बच्ची कुछ और कह रही है. बच्ची है, झूठ बोल गई होगी. आप इतना लिख दीजिए, मैं उसकी बात काट देता हूँ. मैदान वाचत होतं बघ."

"मग?"

"मग काय. हे म्हणाले, मेरी लड़की झूठ नहीं बोलती, साहब." आई पदरानं डोळे पुसत होती आणि तिचा आवाज मात्र रागाचा होता. "अठरा झाडं आणि एक पोरगी. यांना हिशेबच येत नव्हता."

लोकांना वाटेल, हे ऐकून मला भरून आलं असेल. नाही. मला आबांचा आधी राग आला, भयंकर राग. दहा वर्षांच्या पोरीला खोटी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मी दोन दिवस रुसले असते. सगळ्या गल्लीचा श्वास त्यांनी माझ्या खरेपणावर ओवाळून टाकला, आणि मला न विचारता. भरून यायला आणखी काही वर्षं जावी लागली. दोन्ही अजून आहेत, राग आणि ते दुसरं. लू वाहायला लागली की दोन्ही जागे होतात.

यंदा पुन्हा वाहते आहे. समोरच्या पार्कात अकरा झाडं आहेत, त्यातली चार मी लावलेली. नगरनिगमचा माळी पूर्वी यायचा, हल्ली दिसत नाही. सकाळी मी बादली घेऊन जाते, शेजारची पल्लवी पाईप लावते. मागच्या आठवड्यात ती सांगत आली, "आजी, पार्कांची लिस्ट बनून राहिली आहे. टेन्शन मत लो, फॉर्मॅलिटी है बस." कुणी म्हणतं, जे पार्क लोक स्वतः सांभाळतात ते त्यांच्याकडेच ठेवून वरून मदत देणार. कुणी म्हणतं, जिथे निगमचं पाणी जात नाही ती जागा मोकळी धरून पार्किंगला देणार. नक्की कुणालाच माहीत नाही. मी तीन दिवस नीट जेवले नाही.

काल ती आली. साहेब नव्हे, एक चुणचुणीत मुलगी, चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली, हातात वहीऐवजी मोबाइल. दुपारचे बारा. मी बाकावर बसले होते, पायाशी रिकामी बादली, पदर ओला.

"आंटी, यहाँ पेड़ों को पानी कौन देता है?"

सत्तर वर्षांपूर्वीचा लोटा हातात ठिबकतोय असं वाटलं. मी म्हटलं, "बेटा, पहले तू ये बता, कौन-सा जवाब लिखने से पार्क बचेगा?"

ती हसली. "आंटी, मैं तो बस पूछ रही हूँ."

तेच शब्द. तोच गोडवा. मी तिच्याकडे पाहिलं, मग झाडांकडे. निगमचं नाव घ्यावं की आपलं? उत्तर कुठल्या बाजूला आहे ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. आबा असते तर त्यांना विचारलं असतं. पण त्यांनी काय सांगितलं असतं ते मला ठाऊक होतं, आणि त्याचाच मला राग होता.

"मैं देती हूँ," मी म्हटलं. "मेरा नाम लिख ले."

तिनं लिहिलं, पार्काचा फोटो काढला आणि गेली.

आज सकाळी उठून फाटक उघडलं. आधी जमिनीकडे पाहिलं, कुठे चुन्याची रेघ नाही ना. मग बादली भरली.